एका दिवसाचं काम

९ जानेवारी

ताई,

नमस्कार आहेच, पण आधी कामाचं. फोनवर तुला माझा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो, आणि मला तुझ्याकडून नुसतं "काय? काय?" ऐकू येतं, म्हणून लिहायला बसले. ह्यांचा पाय काढला हे मी तुला ओरडून सांगितलं होतं. तू "बरं झालं" म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं की आता पत्राशिवाय गत्यंतर नाही.

तर पाय गुडघ्याच्या वरून काढलाय. लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या खड्ड्यात पडलेला माणूस जिवंत राहिला हेच खूप, असं सगळे म्हणतात. ज्यांना दोन पाय आहेत तेच म्हणतात. सध्या हे शुश्रूषाकेंद्रात आहेत. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर असतं, पण तिथली बाई ह्यांना दार सताड उघडं टाकून आंघोळ घालते आणि येणारे-जाणारे बघत जातात. हे आयुष्यात कुणापुढे शर्ट काढून बसलेले नाहीत. परवा माझा हात धरून म्हणाले, "मला दुसरं काही नको. घरी ने, आणि माझी आंघोळ मला दार लावून करू दे."

आता आमचं घर तुला माहीत आहे. खाली बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि बाथरूम, मधे तो वळणाचा अरुंद जिना. जन्मभर ह्यांनी दुसऱ्यांना वर पोहोचवलं आणि आता स्वतःच्या घरात वर जाता येत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात खाली एक बाथरूम काढायचं आहे. रुंद दार, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडे. एवढंच.

पण मला कंत्राटदार या प्राण्याची भीती वाटते. शेजारच्या शिंपीणबाईंच्या घराचे पत्रे एकाने दुरुस्तीला म्हणून उतरवले, ते आता दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर आहेत. गेल्या वर्षी तू घराचं काम काढलं होतंस. तुझा माणूस कसा आहे? मला खरं काय ते कळव. ह्या कामात फसले तर माझ्यात पुन्हा उभं राहण्याची ताकद नाही.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पत्र वाचून डोळ्यांना धार लागली. लिफ्टवाल्यांना सांग, ताईने फोनवर बरं झालं म्हटलं ते मनावर घेऊ नका.

आता नीट ऐक, कारण तू पहिल्यापासून भोळसट. कुणी गोड बोलतो म्हणून त्याला काम देऊ नकोस, आणि बाकीच्यांपेक्षा स्वस्त सांगतो म्हणून तर मुळीच नको. त्याने आधी केलेलं काम डोळ्यांनी बघ. कालचं नको, नवं सगळ्यांचंच चकचकीत असतं; एखाद्या वर्षापूर्वीचं बघ. त्या घरच्या बाईला एकटी गाठून विचार, तो शेजारी उभा असताना ती काय बोलणार? सामान दारात येऊन पडल्याशिवाय त्याला भिंतीवर हातोडा मारू देऊ नकोस. दार केवढं, नळ कुठे, पाणी कुठून जाणार, हे सगळं कागदावर घे. पैसे नेहमी कामाच्या मागून चालले पाहिजेत, पुढून नाही. आणि शेवटचा हप्ता मुठीत आवळून ठेव, म्हणजे तो झक मारत काम पुरं करायला येतो.

माझा माणूस ह्या सगळ्यातून पार पडतो. हात चांगला आहे, बोलणं मोजकं आहे. लिफ्टवाले म्हणतात ना, लिफ्ट दुरुस्त केली की पहिल्यांदा आपण बसायचं आणि मग लोकांना बसवायचं? तसं समज. मी बसून बघितलंय.

तुला शंका असेल तर घर येऊन बघ. सख्ख्या बहिणीच्या घरासारखा पुरावा तुला कुठे मिळणार? फक्त येण्याआधी कळव, म्हणजे मी आवरून ठेवते.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तुझ्याकडून आल्यापासून एवढी हलकी झालेय की बसमध्ये शेजारच्या बाईला आपण होऊन खिडकी दिली.

काय फरशी बसवलीय गं त्याने. मी चप्पल काढून मुद्दाम अनवाणी चालून बघितलं, कुठे पायाला सांधा लागला नाही. ओट्याची कड तर हात फिरवत राहावी अशी. आणि तुझा नियम मी अगदी पाळला बरं का. काम दाखवून तो निघून गेल्यावर तुला एकटीला गाठलं आणि विचारलं, "बाई, ह्याने तुम्हाला फसवलं तर नाही ना?" तू आधी दचकलीस आणि मग आपण दोघी किती हसलो.

एक विचारायचं राहिलं. मागच्या खोलीच्या दारासमोर ते भलंमोठं कपाट कशाला लावलंयस? तू म्हणालीस, उंदीर. ताई, तुझ्या घरात शिरण्याची उंदरांची हिंमत नाही. कपाटामागून ओल्या पोत्यासारखा वास येत होता, तो मात्र एकदा बघून घे. चिंगीचे दिवस भरत आलेत, बाळंतपणाला लेक माहेरी आली की त्याच खोलीत राहणार ना?

आमचं काम सुरू झालंय. तो आला त्या दिवशी काय केलं सांगू? ह्यांच्यासाठी घरी आणून ठेवलेली चाकांची खुर्ची मागून घेतली, स्वतः तिच्यात बसला, आणि बसल्या जागेवरून हात कुठवर पोहोचतो तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण केली. म्हणाला, नळ इथे. मला रडूच आलं. केंद्रात जाऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, माणूस कामातला दिसतोय. ह्यांच्या तोंडून कुणाची स्तुती म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

सामान दारात पडलंय, कागद झालाय, शेवटचा हप्ता मुठीत आहे. तुझे उपकार कसे फेडू?

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

उपकार कसले, वेडी कुठली.

इथे धावपळ आहे. चिंगी पुढच्या आठवड्यात येते. मागची खोली एकदाची मार्गी लागली, छान कोरडी ठणठणीत झालीय. कपाट परत जागेवर गेलं. तू उंदरांची काळजी करू नकोस.

तुझं काम सुरू झालं ते ऐकून बरं वाटलं. मधेच एखादा दिवस तो आला नाही तर घाबरून जाऊ नकोस. चांगल्या माणसाला चार ठिकाणी बोलावणं असतंच.

ताई


११ मार्च

ताई,

तो येत नाही.

आधी एक दिवस आला नाही, तेव्हा तुझं पत्र आठवून मी गप्प बसले. मग दोन माणसं आली, दांडे ठोकले, फरशी बसवली आणि गेली. फरशी सुंदर आहे. त्या बाथरूमला दार नाही. नळ आहे, पण त्याला पाणी नाही. आणि पाणी असतं तरी ते गेलं कुठे असतं? जमिनीत नळी पुरलीय, ती दुसऱ्या टोकाला कशालाच जोडलेली नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला त्याने पाडलेलं भगदाड तसंच आहे, त्यावर मी प्लास्टिक लावलंय. वारा आला की ते फडफडतं आणि ओट्यावरच्या डब्यांवर धूळ बसते.

फोन केला की उचलतो, हे विशेष. अगदी मायेने बोलतो. "एका दिवसाचं काम राहिलंय वहिनी, उद्या आलोच." ह्यांनी त्याचं नावच उद्या ठेवलंय. मला विचारतात, आज उद्या येणार आहे का?

हो, हे घरी आले. केंद्रात ठरलेली मुदत संपली आणि त्यांनी खाट दुसऱ्याला दिली. मी ह्यांना अंगणात आंघोळ घालते, ताई. दोरीवर चादर टाकून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. चादर उडते. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालते, ती मान फिरवते. तिचे मी मनातल्या मनात आभार मानते. बाकीचे फिरवत नाहीत. पहिल्या दिवशी ह्यांनी डोळे मिटून आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज राहू दे. आता रोजच म्हणतात, आज राहू दे. माणसाला वास यायला लागलाय आणि ते त्यांनाही कळतं, म्हणून मी जवळ गेले की खुर्ची मागे ढकलतात.

दुसरे तिघे गवंडी आणून दाखवले. सगळे आत डोकावतात आणि एकच सांगतात: दुसऱ्याचं अर्धवट काम आम्ही घेत नाही, सगळं फोडून पहिल्यापासून करायचं असेल तर बघू. फोडायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

तो तुझा शब्द मोडणार नाही. तुझं एवढं काम त्याने नीट केलं. एकदा तू त्याच्याशी बोल. मी हात जोडते.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

तुला मावशीआजी झाल्याबद्दल अभिनंदन. चिंगीला मुलगी झाली. गोरीपान नाही, पण नाक आपल्या आईचं आहे. दोघी मागच्या खोलीत मजेत आहेत, बाळाला अजून शिंकसुद्धा आली नाही.

तुझ्या कामाचं वाचलं. तू त्याच्याशी चढ्या आवाजात बोललीस का? तुझी जीभ मला माहीत आहे. कामाच्या माणसाशी गोडीत राहावं लागतं. मी बोलले असते, पण फोनवर मला ऐकू येत नाही हे तू जाणतेस.

अंगणात जाड कापड लाव, चादर कशाला लावतेस? आणि लिफ्टवाल्यांना सांग, आजारपणात लाज धरून चालत नाही.

गडबडीत आहे. बाळ उठलं.

ताई


४ एप्रिल

ताई,

काल उद्या आला.

हात हलवत आला, बरोबर माणूस नाही, हत्यार नाही. ह्यांना नमस्कार केला, तब्येत विचारली, चहा घेतला. मी म्हटलं, शेवटचा हप्ता माझ्या मुठीत आहे, काम केल्याशिवाय मिळणार नाही. तुझ्याकडूनच शिकले होते ना. तो हसला. लबाडासारखा हसला असता तरी चाललं असतं. लहान मुलाला गणित समजावताना हसतात तसा हसला.

म्हणाला, "ते पैसे राहू द्या तुमच्याकडे, वहिनी. मला पैसे नकोत, मला पुढचं घर सांगा."

मला काही कळेना. मग त्याने सगळं उलगडून सांगितलं, कप खाली न ठेवता. तो प्रत्येक घरात एका दिवसाचं काम मागे ठेवतो. ज्याच्याशिवाय सगळं झालेलं फुकट, नेमकं तेवढंच. कुणाचं दार, कुणाचं छप्पर. मग घरचं माणूस दुसरं घर मिळवून देतं, त्या घरी जाऊन त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलतं, आणि तिथलं काम पक्कं झालं की इथलं राहिलेलं पुरं होतं. "मी आजवर कधी पाटी लावली नाही," म्हणाला. "माझी सगळी कामं नात्यातूनच येतात."

मी विचारलं, माझ्या ताईचं काय राहिलं होतं?

"मागच्या खोलीचं छप्पर. वर्षभर उघडी होती. आत गवत उगवलं होतं, त्यांनी दाखवलं नाही वाटतं तुम्हाला. तुमच्या भिंतीवर हातोडा पडला त्याच आठवड्यात माझी माणसं त्यांच्या छपरावर होती."

ताई, कपाटामागे गवत होतं. मी तुझ्या फरशीवर अनवाणी चालत होते, तुझ्या ओट्यावर हात फिरवत होते, तू मला दुसरा कप चहा ओतलास, आणि आपण दोघी पोट धरून हसलो. तू तेव्हा कशाला हसत होतीस?

परक्या बाईला विचारलं असतं तर कदाचित मला खरं कळलं असतं. मी सगळे नियम पाळले आणि फक्त तुझ्यावर विश्वास ठेवला. केसाने गळा कापलास. ह्यांनी सगळं ऐकलं आणि एकच म्हणाले, त्यांनी आपल्याला बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बसवलं आणि स्वतः उतरून गेल्या.

उत्तर दे. फोनवर ऐकू येत नाही हे सोंग आता मला कळलंय, पण वाचता तर येतं.

धाकटी


१५ एप्रिल

धाकटे,

हो, केलं. आणखी काय ऐकायचंय?

चिंगीचे दिवस भरत आले होते. तिच्या सासरी तिच्याकडे बघायला कुणी नाही, दुसरी खोली माझ्याकडे नाही, आणि जी होती तिच्या भिंतीवर बुरशी चढलेली. मी त्याच्या किती विनवण्या केल्या ते तुला सांगत बसत नाही. तेवढ्यात तुझं पत्र आलं. तू आपण होऊन विचारलंस, मी तुझ्या दारात आले नव्हते.

मी दोन्हीकडचं तोललं. तुझा नवरा मोठा माणूस आहे. चादरीमागे आंघोळ केली म्हणून कुणी मरत नाही. ओल्या खोलीत चार दिवसांचं बाळ मरतं. तुला मूल असतं तर मला हे लिहून समजवावं लागलं नसतं.

आणि मलाही कुणीतरी सांगितलंच होतं. माझ्या सख्ख्या दिराने. त्याच्या घरी मी गेले तेव्हा त्यानेही मला चहा पाजला आणि फरशी दाखवली. मी त्याला आजपर्यंत अवाक्षर बोललेले नाही, कारण बोलून छप्पर येत नाही. तूही गळा काढणं बंद कर. एवढी ओळखीची माणसं आहेत तुझी. कुणाचं तरी घर सांग आणि मोकळी हो.

ताई


६ जून

प्रिय मावशी,

खूप दिवसांत तुझं पत्र नाही. आईला विचारलं की ती विषय बदलते. तुमचं दोघींचं काही बिनसलंय का? बिनसलं असेल तर मी मधे पडत नाही, मला फक्त एक सल्ला हवाय.

बाळाला घेऊन मी आमच्या घरी परत आले. एकच खोली आहे, रांगायला लागली की ती चुलीपाशीच जाणार. म्हणून मागे एक खोली वाढवायची आणि त्यासाठी सध्याचं छप्परही काढून नवं घालायचं असं ठरवलंय, पावसाचा जोर वाढायच्या आत. आईकडे काम केलं तोच कंत्राटदार बघून ठेवलाय. मी आईकडे होते तेव्हा तो दोनदा येऊन गेला. काय छान माणूस आहे. बाळाला पाळण्यात झोका देत उभा राहिला आणि मला म्हणाला, पाळण्याचा हुक जरा वर घ्या, मोठी झाल्यावर हात पोहोचेल तिचा.

पण आईचं काय बिनसलंय कळत नाही. इतके दिवस त्याची स्तुती करून तिचं तोंड दुखत नव्हतं. मी त्याला बोलावते म्हटल्यावर एकदम म्हणाली, तो हरामखोर आहे, त्याला दारात उभं करू नकोस. काय केलं त्याने, असं विचारलं तर गप्प. मला वाटतं, मी घर बांधूच नये आणि बाळाला घेऊन कायमची तिच्याकडे राहावं, एवढंच तिच्या मनात आहे. मी निघाले तेव्हा ती दाराला धरून रडत होती.

म्हणून तुला विचारते. त्याने तुझ्याकडे काकांसाठी बाथरूम केलं ना? सुट्टीत तुमच्याकडे असताना काका मला नव्या दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून वर-खाली फिरवायचे, पण आधी स्वतः एक फेरी मारून यायचे, तोपर्यंत मला आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तू तशी बसून आलेली आहेस. तू हो म्हणालीस तर मी लगेच काम देते, नाही म्हणालीस तर विषय संपला. मला आईपेक्षा तुझं जास्त पटतं, हे तिला सांगू नकोस.

तुझी,
चिंगी


८ जून

धाकटे,

चिंगीने तुला लिहिलंय हे आज तिच्याकडून कळलं. तुला तीन वेळा फोन केला. तू दर वेळी "ऐकू येत नाही" म्हणून ठेवलास.

तिला खरं सांग. माझं ती ऐकत नाही. का नको ते तिला सांगायचं तर तुझं सांगावं लागतं, आणि ते माझ्याच्याने होत नाही. तिने मला आई म्हणणं सोडलं तर मी काय करू? तू सांगितलंस तर मात्र ऐकेल. माझी सगळी करणी तिला सांगितलीस तरी चालेल, मी तुला अडवणार नाही.

मी मागच्या पत्रात मुलाबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. पत्र पेटीत टाकल्या टाकल्या हात आत घालून परत काढावंसं वाटलं होतं.

त्याने तिचं छप्पर काढलं आणि तसंच टाकून गेला तर ती तान्ह्या पोरीला घेऊन कुठे जाईल? तिच्या नवऱ्याने सगळी पुंजी ह्यात घातलीय, माझ्याकडे यायचं तर ते त्याला कमीपणाचं वाटतं. तुझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे ती. माझा सूड माझ्यावर घे, तिच्यावर नको.

लवकर लिही.

ताई


१४ जून

प्रिय चिंगी,

तुझं पत्र मिळालं, आणि एवढ्या आपुलकीने मला विचारलंस ते बघून फार बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला. दोन-तीन वेळा लिहायला बसले आणि उठले, घरात कामच तसं सुरू आहे.

तुझ्या आईने मला तेव्हा जे शिकवलं ते तुला सांगते. त्याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही. गोड बोलण्याला आणि स्वस्ताईला भुलायचं नाही. जुनं काम बघायचं, आणि घरच्या बाईला एकटीला विचारायचं. सामान दारात आल्याशिवाय मोडतोड करू द्यायची नाही. सगळं कागदावर घ्यायचं, आणि शेवटचा हप्ता मुठीत ठेवायचा. हे सगळं केलंस की तुला कशाची भीती नाही.

हा माणूस ह्या सगळ्यातून पार पडतो. त्याने आमच्या भिंतीवर नळाची खूण कशी केली माहीत आहे? काकांच्या खुर्चीत स्वतः बसून. फरशी तर अशी की पायाला सांधा लागत नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी बसून आले आहे. तेव्हा खुशाल काम दे.

आईचं मनावर घेऊ नकोस. ती घाबरते. नातीचा लळा लागलाय तिला, तुम्ही दोघी पुन्हा तिच्याकडे गेलात तर तिला हवंच आहे. तिला म्हणावं, मावशीने हो म्हटलंय. एवढंच म्हण, ती पुढे काही बोलणार नाही.

काकांना मात्र ह्यातलं काही विचारू नकोस. ते तुला लिहायला बसले होते, दोन ओळी लिहिल्याही होत्या, पण त्यांना हल्ली दम लागतो, म्हणून मीच तो कागद बाजूला ठेवला. आज सकाळी ते बऱ्याच दिवसांनी आंघोळीला आत गेले. दार अजून बसायचं होतं, तरी पाणी वाहत होतं. मी पाठ करून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तो पाण्याचा आवाज ऐकत राहिले. मला किती आनंद झाला ते तुला आत्ता कळणार नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, उद्याला आज कसं यायला जमलं? मी म्हटलं, चिंगीच्या घराचं काम घेतोय तो, जाता जाता इथलं उरकतोय. ते खुर्ची फिरवून खिडकीपाशी गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पण बोलतील. कोरडे, स्वच्छ बसलेत, केस विंचरलेत, त्यांच्याकडे बघितलं तरी माझं पोट भरतं.

हे लिहिताना तो आतच आहे, दार बसवतोय, हातोड्याचा आवाज येतोय. आता फक्त कडी राहिलीय. ती जाताना लावतो म्हणाला. तुझं पत्रही जाताना तोच पेटीत टाकणार आहे, तेव्हा लिफाफा बंद करायची मला घाई आहे.

बाळाला माझा पापा दे. तुला अजूनही शंका असेल तर आमचं घर येऊन बघ, सख्ख्या मावशीच्या घरासारखा पुरावा तुला कुठे मिळणार? फक्त येण्याआधी कळव, म्हणजे मी आवरून ठेवते.

तुझी,
मावशी